सीझन बुडाला की बोलायचं कसं: फातोर्ड्याच्या पायऱ्यांवरून एक गाइड

शेवटची मॅच झाली, टेबल लागलं, आपण खाली कुठेतरी. आता पुढचे कित्येक महिने बोलण्यापलीकडे हातात काही नाही, आणि बोलायचं तर आहेच, कारण फोंड्यातल्या चहाच्या टेबलावर फुटबॉलचा विषय निघाल्यावर गप्प बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण दर वर्षी बघतो, हे बोलणं धड कुणालाच जमत नाही. पहिल्या दहा मिनिटांत कोच नालायक ठरतो, पुढच्या दहात मॅनेजमेंट, मग रेफरी, मग कुणीतरी म्हणतो अरे धेंपोचा (गोव्याचा जुना क्लब) जमाना आठव जरा, आणि मग दोघंजण तीन आठवडे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आमच्यात तर एकदा एका थ्रो-इनच्या वादावरून चतुर्थीचं बोलावणं राहिलं होतं, खोटं नाही सांगत.

म्हणून ही गाइड. मी काही एक्स्पर्ट नाही, २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली तेव्हापासून एफसी गोवाच्या मागे लागलेला, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर ईस्ट स्टँडच्या खालच्या पायऱ्यांवर बसून घसा बसवून घेणारा माणूस, एवढंच क्वालिफिकेशन. बाकी क्लबवाल्यांनाही चालेल, फक्त नावं बदला.

त्या रात्री काही बोलू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कठीण. मॅच हरून फातोर्ड्याहून फोंड्याला परत यायचं म्हणजे बोरी पूल आलाच आणि पुलावर गाड्यांची रांग आलीच, एका गाडीत पाच माणसं, पाचही घामाने चिकट झालेली, कुणाचा आवाज उरलेला नाही पण मत प्रत्येकाचं शिल्लक आहे. या गाडीत जे बोललं जातं ते सगळं चूक असतं. मी स्वतः या पुलावर एका पोराला, जो पुढे तीन सीझन आमचा सगळ्यात भरवशाचा प्लेअर ठरला, 'याला गावच्या टीममध्ये पण कुणी घेणार नाही' असं म्हटलेलं आहे आणि ते वाक्य माझ्या मित्रांनी अजून जपून ठेवलंय.

तर गाडीत गाणी लावा. भूक लागली असेल तर रोस ऑमलेटच्या गाड्यावर थांबा, तोंडात पाव असला की माणूस कमी बोलतो. सोमवारी मॅच असली आणि घरी सोमवार पाळत असाल तर मग हरलो पण आणि रोस ऑमलेट पण नाही, त्या दिवसासाठी माझ्याकडे काही उपाय नाही. दोन दिवस जाऊ द्या. ग्रुपवर काही टाइप केलं असेल तर ड्राफ्टमध्ये ठेवा, सकाळी वाचा, लाज वाटली तर डिलीट करा, नाही वाटली तर आणखी एक दिवस थांबा.

मग एकदा गाऱ्हाणं घालून घ्या

माझं आजोळ पेडण्याकडचं. तिथे देवळात गाऱ्हाणं घालतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. एकजण पुढे उभा राहून सगळ्या गावाचं दुखणं देवासमोर मांडतो आणि मागचे सगळे म्हणतात व्हय म्हाराजा. त्यात गंमत बघा, प्रत्येक गोष्ट एकदाच सांगायची असते. देवाला तीच तक्रार सतरा वेळा सांगत नाहीत.

आम्ही हेच सुरू केलं. सीझन संपल्यावर पहिल्या रविवारी एकत्र बसायचं, भजी-पाव मागवायचा, आणि प्रत्येकाने आपलं जे काय आहे ते एकदा बोलून टाकायचं. बा म्हाराजा, आमचा सेंटर बॅक कॉर्नरला माणूस सोडून चेंडू बघत उभा राहतो. व्हय म्हाराजा. आमचा कोच सत्तराव्या मिनिटाला सब करायच्या, म्हणजे प्लेअर बदलायच्या ऐवजी हाताची घडी घालतो. व्हय म्हाराजा. तिकिटाच्या रांगेत माझी अर्धी पहिली हाफ गेली. व्हय म्हाराजा. कुणीही मध्ये तोडायचं नाही, 'पण' म्हणायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांत सगळ्यांचं पोट मोकळं होतं. आणि एकदा गाऱ्हाण्यात बोललेली तक्रार नंतर पुन्हा काढली तर त्या दिवसाचा चहा त्याच्यावर. आमच्यातल्या एकाने एका सीझननंतर नऊ वेळा चहा पाजलाय, डाव्या बॅकवरून.

आता कागद घ्या

इथून खरं बोलणं सुरू होतं. मोबाइल नको, कागद पेन. आयएसएलच्या साइटवर सगळे रिझल्ट आणि गोलांची मिनिटं मिळतात, ती उतरवून काढायला एक संध्याकाळ लागते. चार गोष्टी बघायच्या.

एक, पुढे असताना घालवलेले पॉइंट. म्हणजे ज्या मॅचमध्ये आपण कधीतरी लीडला होतो आणि शेवटी ड्रॉ केली तर दोन गेले, हरलो तर तीन गेले. ही बेरीज करून बघा आणि आपल्या एकूण पॉइंटात मिळवा, टेबलात कुठे आलो असतो ते दिसेल. हां, आता लगेच म्हणू नका की म्हणजे आपण तिसरेच होतो, कारण बाकीच्या टीमनी पण असेच घालवलेले असतात, त्यांचा पण हिशोब धरायला लागेल. पण दुखणं कुठे आहे ते यातून कळतं.

दोन, पंचाहत्तर मिनिटांनंतर खाल्लेले गोल. हे जास्त असले तर विषय बहुतेक दमाचा, बेंचचा आणि उशिरा केलेल्या सबचा असतो, कुणा एकाच्या चुकीचा नाही. तीन, घरचं वेगळं, बाहेरचं वेगळं. चार, कुणाशी हरलो. वरच्या चारांशी हरून खालच्यांना मारलंय की उलटं. वरच्यांना मारून तळाच्या टीमशी पॉइंट घालवणारी टीम ही वेगळी जात असते, तिच्यात टॅलेंट कमी नसतं, बंद बसलेला डिफेन्स फोडता येत नसतो.

ज्याला अजून हौस असेल त्याने एक्सजी पण बघावा. सोपं आहे, एखाद्या जागेवरून मारलेला शॉट साधारण किती वेळा गोल होतो तो आकडा. पेनल्टीचा पाऊण गोलाच्या किंचित वर येतो. सीझनभर चान्स बनवले आणि गोल झाले नाहीत तर एक प्रकारचं बोलणं, चान्सच बनले नाहीत तर दुसऱ्या प्रकारचं. दोन्हींना 'स्ट्रायकर बेकार' म्हणणं हा आळस झाला.

कागद का म्हणतो सांगतो. वाईट सीझन सगळे एकसारखे वाईट नसतात, आणि डोक्यात मात्र सगळ्यांचा एकच लगदा होतो. आमचेच तीन घ्या.

२०१६ ला आम्ही आठ टीममध्ये आठवे आलो. चौदा मॅच, चौदा पॉइंट. कोच कोण होता? झिको. आता कुणी म्हणेल कोच बेकार होता, तर तोच झिको २०१४ ला सेमीफायनलला आणि २०१५ ला फायनलला घेऊन गेला होता. एका वर्षात माणूस फुटबॉल विसरला काय? आणि त्याच तळाच्या सीझनची शेवटची मॅच आम्ही चेन्नईयनला ५-४ मारली. नऊ गोलांची मॅच, सीझनमध्ये काही उरलेलं नसताना. कोच एकच, तिन्ही सीझन तीन तऱ्हेचे.

२०२१-२२ ला अकरात नववे, वीस मॅचमध्ये एकोणीस पॉइंट, फक्त चार जिंकल्या. सुरुवातीच्या तीनही हरलो. मग जरा सावरतोय म्हणेपर्यंत डिसेंबरात कोच हुआन फेरांदो एटीके मोहन बागानला गेला आणि सीझनच्या मध्येच डेरिक परेराने टीम हातात घेतली. यावर आमच्याकडे आवडतं स्पष्टीकरण असं की स्टेडियम रिकामी होती म्हणून हरलो. खरंय, कोविडमुळे लीगच्या सगळ्या मॅच गोव्यात होत्या आणि आत मात्र कुणाला सोडत नव्हते, आम्ही घरापासून पाऊण तासावरची मॅच टीव्हीवर बघायचो, तो एक वेगळाच छळ होता. पण आदल्या सीझनला पण रिकामीच होती की, तेव्हा याच टीमने सेमीफायनल गाठली आणि मुंबईशी पेनल्टी शूटआउटपर्यंत नेली. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांनी सगळं उलगडत नाही. कागदावर लिहिलं की असली स्पष्टीकरणं आपोआप गळतात.

आणि २०२२-२३. सातवे आलो, प्लेऑफला सहा टीम जायच्या. सत्तावीस पॉइंट, सहाव्या ओडिशाचे तीस. शेवटच्या मॅचपर्यंत जीव टांगणीला आणि बेंगळुरूत ३-१ हरलो. हा वाईट सीझन म्हणायचा का? तीन पॉइंट म्हणजे एक मॅच. मला तो २०२१-२२ पेक्षा दहापट जास्त लागला, कारण २०२१-२२ ला जानेवारीपासून आशा सोडलेली होती.

आधी माप ठरवा

यावरून आठवलं, वादातला अर्धा गोंधळ असा असतो की दोघांची मापं वेगळी. एकजण टेबल बघतो, दुसरा ट्रॉफी. २०१९-२० ला आम्ही अठरा मॅचमध्ये एकोणचाळीस पॉइंट काढून लीगमध्ये पहिले आलो, पहिली वहिली लीग शील्ड आमची, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला जाणारा पहिला भारतीय क्लब पण आम्हीच. आणि तरी त्या वर्षी सेमीफायनलला चेन्नईयनकडून दोन मॅचचे गोल मिळवून ६-५ ने बाहेर पडलो म्हणून रडणारी माणसं माझ्या गाडीत होती. २०२४-२५ ला टेबलात दुसरे, सेमीच्या दुसऱ्या लेगला (दुसऱ्या मॅचला) फातोर्ड्यात बेंगळुरूविरुद्ध २-० पुढे, एकूण २-२, एक्स्ट्रा टाइम येणार असं वाटतंय आणि ब्याण्णवाव्या मिनिटाला त्यांच्या छेत्रीचा हेडर, २-१. मॅच जिंकून घरी गेलेली टीम, पण बाहेर. यानंतर महिन्याभरात सुपर कप जिंकला भुवनेश्वरला. आता सांगा, हा सीझन पास की नापास?

उत्तर काहीही द्या, पण बोलायला बसण्याआधी सगळ्यांनी एक माप घ्या. आमचं माप असं ठरलंय की लीगमधली जागा मोजायची, कारण तो सगळ्या सीझनचा हिशोब असतो, नॉकआउटला एखाद्या हेडरवर नशीब फिरतं. माझ्या मामाला हे मान्य नाही. मामा म्हणतो कपाटात काय ठेवणार, टेबल? त्याचंही बरोबर आहे, म्हणून त्याच्याशी बोलताना मी माप बदलतो.

एका माणसावर ढकलायचं नाही

आता जरा थांबून सांगतो कारण या गाइडमधलं सगळं जरी विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

गावच्या जत्रेतल्या नाटकात एखादा पोरगा ऐन प्रवेशात वाक्य विसरतो आणि मग गाव त्याला वीस वर्षं त्याच वाक्याने हाक मारतं, त्याचं लग्न होतं, पोरं होतात, तरी बाजारात कुणीतरी ते अर्धं वाक्य टाकतोच. फुटबॉलमध्ये आपण तेच करतो.

२० डिसेंबर २०१५, फायनल, फातोर्डा, समोर चेन्नईयन. स्टेडियम खचाखच. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकने आम्ही २-१ पुढे, आणि मी शपथेवर सांगतो की माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून रडत होता. तीन मिनिटं काढायची होती. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू आमच्याच गोलकीपरला लागून आत गेला, लक्ष्मीकांत कट्टीमनी, गोव्याचाच पोर, स्कोअरशीटवर ओन गोल. आणि दोन मिनिटांनी त्यांच्या मेंडोझाने तिसरा मारला. ३-२. तो अनोळखी माणूस अजून रडतच होता, फक्त कारण बदललं होतं.

त्या रात्री पुलावर, आणि नंतर कित्येक महिने, आम्ही काय बोललो असू ते तुम्ही ओळखा. सगळं एका माणसावर. तिसरा गोल कसा झाला यावर कुणी बोललं नाही, पुढे असताना शेवटच्या तीन मिनिटांत चेंडू आमच्या बॉक्सपर्यंत आला कसा यावर कुणी बोललं नाही.

मग २०२२. आम्ही नववे आलो तो सीझन, आमची टीम कधीच बाहेर, आणि फायनल मात्र फातोर्ड्यातच, हैदराबाद विरुद्ध केरळा ब्लास्टर्स, २० मार्च, दोन वर्षांनी पहिल्यांदा माणसं आत सोडलेली. स्टँड पिवळे झालेले, केरळहून लोक मिळेल त्या गाडीने आलेले. १-१, एक्स्ट्रा टाइम, पेनल्टी. हैदराबादच्या गोलमध्ये कट्टीमनी. त्याच मैदानावर. तीन पेनल्टी अडवल्या त्याने, तीन, आणि हैदराबाद चॅम्पियन. मी दोन्ही टीमपैकी कुणाचाच नव्हतो तरी उभा राहिलो. मामा बसून होता, थोड्या वेळाने म्हणाला, २०१५ ला तू या पोराला काय काय म्हणालास आठवतंय ना.

आठवतंय. म्हणून नियम असा, की प्लेअरचं नाव घेऊन बोलायचं तर त्याच वाक्यात मॅच आणि मिनिट सांगायचं. 'तो बेकार आहे' चालणार नाही. 'ब्लास्टर्सशी कोचीत फेब्रुवारी २०२४ ला हाफटाइमला २-० पुढे होतो आणि सेकंड हाफला चार खाल्ले तेव्हा मिडफिल्डमधून मागे धावायला कुणीच नव्हतं' हे चालेल. बघा, अशी सवय लागली की निम्मी नावं आपोआप गळतात, कारण मिनिट सांगायला गेलं की त्या मिनिटाला आणखी चारजण कुठे होते तेही आठवतं.

कोचबद्दल एक छोटी गोष्ट. कोच बहुतेक वेळा टीम सगळ्यात खाली असताना काढतात. तिथून पुढे दोन-तीन मॅच बऱ्या जाणं तसंही ठरलेलंच असतं, मग नवीन कोच देव वाटतो. नवीन माणसाला निदान दहा मॅच दिल्याशिवाय त्याच्यावर मत देऊ नका, चांगलं पण नको.

सोडून गेलेल्यांबद्दल

हा विषय निघाला की आवाज चढतो. २०२० ला आमचा आधीचा कोच लोबेरा मुंबई सिटीला गेला आणि मागोमाग आमचे प्लेअर फॉल, जाहू, बुमू, आणि आपला मंदार राव देसाई पण. सगळं घर उचलून नेल्यासारखं. त्याच मुंबईने आम्हाला सेमीला शूटआउटवर बाहेर काढलं आणि शील्ड पण नेली, कप पण नेला. मग २०२४ ला ब्रँडन मुंबईला, नोआ ब्लास्टर्सला. नोआने तर त्या सीझनला आमच्याकडून सगळ्यात जास्त गोल मारले होते.

यावर बोलायची पद्धत: एक मिनिट शिव्या, मग विषय बंद. प्लेअरची उमेदीची वर्षं दहा-बाराच असतात, एक गुडघा गेला की संपलं, आपण तर कुंडईच्या फॅक्टरीत पाचशे रुपये जास्त मिळाले तर शेजारच्या शेडमध्ये जातो. बोलायचं ते त्याच्या जागी कुणाला आणलं यावर बोला. माणूस जातोच, त्याची जागा कुणी भरली का हा प्रश्न क्लबला विचारण्यासारखा आहे.

तरी मंदार मुंबईच्या शर्टात फातोर्ड्यात उतरायचा तेव्हा पोटात कसंतरी व्हायचंच. ते होऊ द्यायचं.

मोठ्यांशी कसं बोलायचं

प्रत्येक टेबलावर एक मामा असतो. आमचा मामा धेंपोचा. त्याला तुम्ही काहीही सांगा, तो म्हणणार, आर्मांडोची (धेंपोचा कोच आर्मांडो कुलासो) टीम बघितलीस का तू? पाच वेळा नॅशनल चॅम्पियन, २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२, हे तो अंगारकीच्या तारखा सांगावा तसा घडाघडा सांगतो. मध्येच चर्चिल ब्रदर्सचे दोन. मग ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये उभा असायचा तेव्हाचं संतोष ट्रॉफीचं. एकदा सुरू झाला की भजी थंड.

वाद घालू नका, प्रश्न विचारा. धेंपो २०१५ ला आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या वरच्या लीगमधून, खाली गेली तेव्हा तुम्ही काय केलं मामा? इथे तो गप्प होतो. मग हळूहळू सांगतो की गेलो होतो, मॅच बघायला, तीनशे माणसं असतील नसतील. खाली जाऊन पुढच्या वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून धेंपो परत वर आली आणि मग २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिन्ही आय-लीगमधून बाहेर पडल्या. हे सांगताना मामाचा आवाज वेगळा असतो. त्याच्यासमोर आपण 'यंदा सातवे आलो हो' म्हणून रडतो, त्याच्या तर टीमचं खेळायचं घरच गेलं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली आणि तेव्हापासून त्याची लिस्ट मी शेवटपर्यंत ऐकतो.

पोरांचं उलटं. भाचा बारा वर्षांचा, त्याला एवढंच विचारायचं की तुला कुठला गोल आवडला. तो बरोबर सांगतो, हाताने करून दाखवतो, टीपॉयवरचा ग्लास पाडतो. तेवढं पुरे.

दुसऱ्या टीमवाल्यांशी

ऑफिसात केरळचा एक, कोलकात्याचा एक असतोच. त्यांच्यासमोर तीन शब्द काढायचे नाहीत: रेफरी, नशीब, बजेट. एकदा काढलात की सीझनभर तेच परत येतं. त्याऐवजी आधीच मान्य करून टाका, 'हो, आम्ही घाण खेळलो, तुमचं सांगा'. समोरच्याने तयार केलेला सगळा दारूगोळा ओला होतो. ग्रुपवर मीम टाकला तर हसायचं, परत मीम टाकायचा नाही, निदान त्या दिवशी नाही. बंगालवाल्याला विचारा ईस्ट बंगाल की मोहन बागान, मग तो स्वतःच सुरू होतो आणि तुमचा विषय मागे पडतो.

व्हॉट्सअॅपबद्दल जास्त सांगत नाही. रात्री अकरानंतर व्हॉइस नोट नाही, प्लेअरच्या घरच्यांवर, जातीवर, रंगावर काही नाही, त्याच्या इन्स्टावर जाऊन घाण लिहिणारा माणूस ग्रुपमधून बाहेर, कितीही जवळचा असो. आम्ही एकाला काढला, वर्षभराने परत घेतला.

आणि मधल्या महिन्यांत

नुसतं बोलून माणूस सडतो. म्हापशाला धुळेर स्टेडियमवर गोवा प्रो लीगची मॅच असली तर जाऊन बसा. आयएसएलमध्ये ज्याला आपण 'अचानक आलेला पोर' म्हणतो तो तिथे दोन वर्षं आधी खेळत असतो. मामा तर तिथे जास्त खूश असतो, कारण तिथे धेंपो खेळते. पाऊस सरला की गावोगावच्या मैदानांवर स्पर्धा असतात, तिथे तर लाइनमनशी थेट बोलता येतं, ही सोय फातोर्ड्यात नाही.

आणि शेवटी एक गाऱ्हाणं माझ्या स्वतःवरचं, कारण सगळ्यांचं सांगून झालं.

२४ एप्रिल २०२४, बुधवार, सेमीची पहिली लेग, मुंबई सिटी, फातोर्डा. बोरिस आणि ब्रँडनचे गोल, २-० पुढे. दुसऱ्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मी म्हटलं, चला, जिंकलो, आता पुलावरची रांग लागायच्या आधी निघू. सगळ्यांना उठवलं मी. मामा नको नको म्हणत होता. गेटच्या बाहेर पडलो तेव्हा आतून एक विचित्र आवाज आला, गोलचा नाही, हजारो माणसांनी एकदम श्वास ओढल्यासारखा. नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेचा गोल. गाडीपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्याच विक्रम प्रतापचा, २-२. चावी लावली, फोनवर बघितलं, सहा मिनिटं एक्स्ट्राची आणि शेवटच्या मिनिटाला परत छांगते. २-३. गाडीत पाच माणसं, मॅच सुरू असताना बाहेर पडलेली पाच माणसं, आणि समोर बोरी पूल अगदी रिकामा, एक गाडी नाही, सात-आठ वर्षांत एवढ्या पटकन मी कधी घरी पोचलो नव्हतो.

त्या सीझनच्या गाऱ्हाण्यात मामाने पहिलीच तक्रार ती घातली आणि सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं, मी पण म्हटलं. तेव्हापासून गाडी कुठेही लावली तरी आत शिरताना चावी मामाकडे द्यायची, शेवटची शिट्टी झाल्यावर तो देतो. कधीकधी शिट्टीनंतरही पाच मिनिटं देत नाही, बसून राहतो, ग्राउंडकडे बघत.